मागच्या सीटवरची सवारी

घाट ओलांडायचा आणि पलीकडच्या तळ्याच्या पाण्याला सायकलचं चाक लावायचं, एवढ्या एका कामासाठी कुशनवाला भाषाही न कळणाऱ्या परक्या मुलखात आला होता. बेत दोघांचा होता. टेम्पो-रिक्षांच्या सीटा शिवणाऱ्या या माणसाने हौसेने दोन सीटची लांबलचक सायकल जुळवली होती. पुढे तो, मागे बायको. मागची सीट तर त्याने तिच्यासाठी स्वतः शिवली होती. दोघांनी त्या सायकलवरून गावंच्या गावं पालथी घातली. ते तळं बायकोने दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिलं होतं. "अहो, मरायच्या आधी इथे जायचंच," ती म्हणाली होती. जायच्या आधी ती मरून गेली.

मग तो एकटाच निघाला, तीच सायकल घेऊन.

"दाजी, ही आगगाडी एकट्याने ओढणार?" मेहुण्याने विचारलं होतं. "निदान मागे एखादं बोकड तरी बसवा!"

"बोकडाला ब्रेकवरून भांडता येत नाही," कुशनवाला म्हणाला.

ते खरंच होतं. तिचं एकच भांडण असायचं. "अहो, ब्रेक हळू! मागे माणूस आहे, कापसाचं पोतं नाही!"

मुलगी मात्र हसली नाही. "बाबा, जपून जा," एवढंच म्हणाली.

सायकलची रचना अशी होती की पुढची पायडलं फिरली की मागचीही फिरायची. रिकाम्या पायडलांचे पट्टे दिवसभर खडखडत. म्हणून त्याने त्यांत बायकोचे कॅनव्हासचे बूट अडकवून टाकले. आणि जागा वाया घालवणं त्याच्या रक्तातच नव्हतं, म्हणून बुटांत पंक्चरचं सामान कोंबलं.

घाटाच्या पायथ्याशी चौकी होती. वाफेने धुरकटलेल्या काचेआडून पहारेकऱ्याने खूण करून विचारलं, किती जण? कुशनवाल्याने दोन बोटं दाखवली. सवयच ती! चहा सांगायचा तर दोन, तिकीट काढायचं तर दोन. पहारेकऱ्याने वायरलेसवर काहीतरी पुढे कळवलं आणि दांडा वर केला. चूक ध्यानात आली तेव्हा कुशनवाला पहिल्या वळणावर पोचला होता. पण चढावर थांबलेली सायकल पुन्हा हलवणं म्हणजे रुतलेला गाडा काढणं. 'जाऊ दे,' तो मनाशी म्हणाला. 'कोण मोजायला बसलंय!'

दुपारी तो घाटमाथ्यावर पोचला. हात गारठून लाकडासारखे झाले होते. दोन्ही बाजूंना धुकं इतकं दाट की डावीकडची दरी डोळ्यांनी दिसत नव्हती, नुसती कानांना कळत होती. खूप खाली कुठेतरी पाणी वाहत होतं. त्याने पाणी प्यायलं, नाक पुसलं आणि सायकल उताराला लावली.

तिसऱ्या वळणावर रस्त्यात धोंडा!

त्याने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. खडीवरून चाक सरकलं. लांब सायकल आडवी झाली. तो एकीकडे फेकला गेला, सायकल दुसरीकडे. सगळं थांबलं तेव्हा मागचं चाक दरीवर लोंबत होतं आणि भिरभिर फिरत होतं.

आरडाओरडा करत माणसं धावत आली. पुढेच दरड कोसळली होती आणि रस्त्याची टोळी तिथे भिंत बांधत होती. मुकादम सगळ्यांत पुढे. धिप्पाड गडी, दाढीत सिमेंट. त्याने सायकल आत ओढली. दोन सीटा पाहिल्या. एका पायडलात बाईचा बूट, दुसऱ्यात नाही. मग त्याने कुशनवाल्यापुढे दोन बोटं धरली.

कुशनवाल्याचं डोकं अजून गरगरत होतं. "हो हो," तो मान हलवत म्हणाला. "दोन सीटची आहे. घरीच बनवली."

मुकादमाने एक आरोळी ठोकली. क्षणात पळापळ! कमरेला दोर बांधलेली एक काटक पोरगी कड्यावरून खाली उतरू लागली. टोळीतली दोरवाली ती. कुशनवाल्याला वाटलं, बुटासाठी चाललंय.

"अगं पोरी, राहू दे! बूटच तर गेला!"

तेवढ्यात दोघांनी स्ट्रेचर आणलं. वर घोंगडी अंथरली. आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"नाही! नाही हो! खाली कोणी नाही!" तो ओरडत धावला. दोघांनी त्याला दंडाला धरून बसवलं. एकाने पाठीवरून हात फिरवला. बिचारा, बायको गेली, डोकं फिरलं! त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्याने खिशातून बायकोचा फोटो काढला आणि जोरजोराने हात हलवला. झालं, आगीत तेल! फोटो हातोहात फिरला. मुकादमाने तो पाहिला, डोळे मिटले आणि खाली वाकून दोरवालीला आणखी काहीतरी ओरडून सांगितलं.

धुक्यात धडाधड दगड गेले. खालून एक किंकाळी आली. दोर ताणला, मग पुन्हा हलू लागला. पोरगी आणखी खाली चालली होती! कुणासाठी? दोन वर्षांपूर्वी स्मशानात नेलेल्या बाईसाठी!

कुशनवाल्याने अंगातलं सगळं बळ काढून हिसडा दिला. तो सुटला. पण दरीकडे न जाता सायकलीकडे धावला. पायडलातला बूट उपसला आणि मुकादमाच्या पायापुढे उलटा केला.

रबराची ठिगळं पडली. सोल्यूशनची ट्यूब पडली. पाना पडला. तळाशी कोंबलेली कुशनची चिंधी शेवटी पडली.

मुकादम त्या ढिगाकडे बघत राहिला. या बुटात कुणाचाही पाय नव्हता. त्याने फोटो दाखवला, मग आकाशाकडे बोट केलं. कुशनवाल्याने मान डोलावली.

पुढच्याच क्षणी मुकादम गरजला. सगळे दोराला भिडले. पण दोर वर येईना! कड्याच्या धारेवर तो कपारीत बसला होता आणि प्रत्येक हिसक्याला त्याचा एकेक पेड तुटत होता. तट्! तट्!

कुशनवाल्याने मागच्या सीटचा खटका ओढला. सीट हातात आली. तो कड्यावर पालथा पडला, दोर खांद्याने उचलला आणि सीट त्याखाली सारली.

"ओढा!" तो ओरडला. भाषा कुणाला कळली नाही, पण शब्द कळला.

दोर सीटवरून सरकू लागला. कातडं फाटलं. आतला काथ्या बाहेर आला. त्याने दोन्ही हातांनी सीट दाबून धरली. आणखी एक हात! आणखी एक! धुक्यातून पिवळं हेल्मेट वर आलं. मग रक्ताळलेला गुडघा. मग सबंध पोरगी!

ती बसली, धापा टाकल्या, मुकादमाकडून सगळं ऐकलं. मग कुशनवाल्याकडे वळून तिने जे सुरू केलं, ते समजायला भाषा लागत नव्हती. शिव्या कोणत्याही मुलखात कळतात.

"दे, अजून दे," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

टोळीच्या पत्र्याच्या खोलीत स्टोव्हभोवती ओले बूट वाळत होते, खिळ्यांवर हेल्मेटं टांगली होती. एकाने पुढचं चाक ठोकून सरळ केलं. दोरवालीने गुडघ्याला पट्टी बांधली, राग गिळला आणि दरीकडे हात करून खूण केली. खाली बूट दिसला होता, धुकं निवळल्यावर आणू का?

बायकोच्या वापरातली शेवटची जोडी होती ती. कुशनवाल्याने उरलेला बूट आपल्या पिशवीत टाकला.

"नको गं पोरी," त्याने मान हलवली. "जाऊ दे तो."

वायरलेस खरखरला. पायथ्याची चौकी विचारत असणार. मुकादमाने यंत्र तोंडाशी धरलं आणि या वेळी नीट, सावकाश खूण केली. किती जण?

खोलीतले सगळे बघत होते. कुशनवाल्याने हात वर केला. दोन बोटं आपोआप उभी राहिली. एक मुडपायला गेला, तर मुडपेना. शेवटी त्याने डाव्या हाताने ते धरलं आणि खाली दाबलं.

"एक," मुकादम यंत्रात म्हणाला असावा.

संध्याकाळपूर्वी तो निघाला. फाटकी सीट त्याने जागेवर बसवली होती, काथ्या आत कोंबून वरून दोरी गुंडाळली होती. मागची पायडलं रिकामीच खडखडत होती. धुक्याखाली उतरताच समोर तळं उघडं पडलं, कॅलेंडरवर होतं त्याहून कितीतरी मोठं! पुढे उतार होता आणि वळण.

त्याने ब्रेक हळू दाबला.