पाच वीसची वेळ

बसा. माझी पुढची वेळ पाच वीसची आहे, तोवर सांगते.

दवाखान्यात वेळा देण्याचं काम मी सतरा वर्षं करते आहे. डॉक्टरांच्या खोलीबाहेर माझं टेबल, त्यावर फोन, लांबट वही, पेन्सिल आणि खोडरबर. पेन मी वापरत नाही, कारण माणसं वेळ घेतात आणि बदलतात. कुणाकडे पाहुणे येतात, कुणाचा ताप आधीच उतरतो. मग मी नाव खोडते आणि ताटकळलेल्यांपैकी कुणाला तरी ती वेळ देते. नियम मात्र एकच, आणि त्यात मी डॉक्टरांचंही ऐकत नाही. वेळ बदलायची किंवा रद्द करायची, तर पेशंटने स्वतः सांगायचं, नाहीतर घरच्यांनी.

तिचा पहिला फोन आला तो दुपारी, दवाखाना बंद व्हायच्या सुमाराला. बाईचा आवाज, शांत, जरासा दमलेला.

"मास्तरांची उद्याची सव्वाअकराची वेळ खोडा. त्यांना ती लागणार नाही."

"आपण त्यांच्या कोण?"

"कुणी नाही... त्यांची नोंद आमच्याकडे झाली आहे."

मला वाटलं, मास्तरांनी डॉक्टर बदलला. रागच आला, पण नियम म्हणजे नियम, मी नाव खोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला मास्तरांचा मुलगा आला आणि दारातच उभा राहिला. "बाबा पहाटे गेले," तो म्हणाला.

योगायोग म्हणून मी सोडून दिलं. तीन आठवड्यांनी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंबद्दल अगदी तसाच फोन आला, आणि तसंच झालं. खरं सांगू? भीती मला बरीच नंतर वाटली. आधी नुसतं कुतूहल होतं. चौकशा करणं माझ्या रक्तातच आहे. कंपाउंडरच्या मागे लागून मी नंबर दिसणारा फोन बसवून घेतला. तिचा पुढचा फोन आला तेव्हा त्यावर नंबर आमच्याच दवाखान्याचा होता. नंतर मी तो फिरवून पाहिला, तर अर्थातच एंगेज.

त्या वेळी मी श्वास रोखून ऐकलं. पलीकडे पंख्याची कुरकुर होती, कुणीतरी खोकत होतं, पानं उलटली जात होती, आणि पेन्सिल सरकल्याचा बारीक आवाज येत होता. म्हणजे तिच्याकडेही वही होती. बिचारी, हिच्याही मागे दिवसभर हेच, असं वाटून गेलं.

"तुमच्याकडे गर्दी असते का हो?" मी विचारलंच.

"असते," ती म्हणाली. "पण कुणी ताटकळत नाही."

माझा धाकटा भाऊ माझ्याकडेच राहतो. आई गेल्यापासून मीच त्याची आई. त्याच्याशिवाय मला कुणी नाही. महिनाभर छातीत दुखतंय म्हणत होता, पण वेळ दिली की हमखास टाळायचा. शेवटी मीच वहीत त्याचं नाव घातलं, दुसऱ्या दिवशी पाच वीसला. त्याच दुपारी फोन वाजला.

"तुमच्या भावाची उद्याची पाच वीसची वेळ खोडा. त्यांची आमच्याकडे उद्या सकाळची नोंद आहे."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"मी त्याच्या घरची आहे," मी म्हणाले. "तुमच्याकडची वेळ रद्द करा."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"रद्द होत नाही... बदलता येते. कधीची देऊ?"

पुढच्या तपासणीला कधी यायचं, असं दिवसातून चाळीस जण विचारतात आणि मी चाळीस जणांना एकच उत्तर देते. जिभेवर बसलेलं तेच उत्तर बाहेर पडलं.

"सहा महिन्यांनी."

खोडरबर घासल्याचा आवाज आला. "पाच वीसचीच लिहिते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

वीस वर्षं म्हणता आली असती मला! चाळीस म्हणता आली असती! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

भाऊ दुसऱ्या दिवशी आला. डॉक्टरांनी तपासलं आणि उभ्या उभ्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. आठवड्याने घरी आला. थोडक्यात वाचला, असं सगळे म्हणाले. त्यानंतर स्वारी पार बदलली. गोळ्या घड्याळाच्या काट्यावर, सकाळी चालायला जाणं, तपासणीला दहा मिनिटं आधी हजर. "ताई, तुझ्या वहीतला सगळ्यात गुणी पेशंट मीच," असं मला चिडवायचा.

मी मात्र सहा महिने फोनजवळून हलले नाही. ती आदल्या दिवशी वेळ पक्की करायला फोन करणार, याची मला खात्री होती. काम नीट करणारी कुणीही बाई करतेच, मीही करते. काय मागायचं ते कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. चाळीस वर्षं.

तो आदला दिवस म्हणजे कालचा. सकाळपासून प्रत्येक फोन मी पहिल्याच घंटीला उचलत होते. दुपारी एक आजोबा चक्कर येऊन पडले आणि डॉक्टरांनी मला आत हाक मारली. दोन मिनिटं, फार तर तीन. बाहेर आले तर माझ्या खुर्चीत भाऊ. मी घरी विसरलेला डबा घेऊन आला होता. रिसीव्हर नुकताच खाली ठेवत होता.

"कुणाचा होता रे?"

"माझ्यासाठीच होता," तो हसला. "उद्याची पाच वीसची वेळ पक्की ना, विचारत होत्या. मी म्हटलं, पेशंट स्वतःच बोलतोय, अगदी पक्की. आता मी वेळ चुकवत नाही. किती मायेने बोलतात गं त्या!"

मी फोन उचलून आमचाच नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला, पुन्हा एंगेज.

"आणखी... आणखी काय म्हणाल्या?"

"काही नाही. सोबत कुणी येणार आहे का, तेवढं विचारलं." त्याने डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "मी म्हटलं, ताई येईल की. ती मला एकट्याला कुठे सोडते!"