संत्रं वर पाहिजे

प्लायवूडच्या दुकानात पाण्यात टिकणारी एकच शीट उरली होती, आणि तिची दोन टोकं दोघांच्या हातात होती.

"तुम्ही घेऊन राहिल्या का?" पलीकडच्या तरुणानं विचारलं.

"घेणार आहे. पण घेऊन राहू कुठे?" उन्नतीनं भुवई उडवली.

"पुण्याच्या दिसता!" तो मनमोकळं हसला. "मी हर्षित. लोकांचे किचन बनवतो. तुमचं काय काम आहे?"

"बोटीची जमीन बदलायचीय."

"बोटीले... जमीन?"

"मग पाय कुठे ठेवतात, पाण्यात?"

हर्षितनं टोक सोडून दिलं. "घ्या, तुमचीच. पण बोटीत एक जागा माझी."

बोट मनोहरमामांची होती. ॲल्युमिनियमची, त्यांच्या लग्नाच्याही आधीची. नागपुरात मनीषनगरच्या घरामागे ती पालथी पडून होती आणि आतलं प्लाय इतकं कुजलं होतं की पाय ठेवला की आरपार. याच बोटीत उन्नती लहानपणी वल्हं मारायला शिकली होती. मामांनी मात्र जाहीर करून टाकलं होतं, "रविवारी पाण्यात तरली तं ठेवतो. नाही तं सोमवारी भंगारवाला नेईन." त्यांना वाटलं, भाची गप्प बसेल. भाचीनं पुण्याच्या ऑफिसातून रविवारपर्यंत सुट्टी वाढवून घेतली!

दुसऱ्या दिवशी हर्षित आला, तो रोजच येऊ लागला. किचन करून घेणारे लोक फोनवर ओरडत, हा इकडे बोटीत गुडघे टेकून पत्र्याचे गळके रिव्हेट बदलत बसे. थंडीचं कोवळं ऊन, मामींनी दिलेली काटोलची संत्री... आणि एकच फोड घ्यायला दोघांचे हात एकदमच पुढे येत. मग दोघंही उगाच रिव्हेट मोजत. अहोजाहो कधी गळून पडलं, कुणालाच कळलं नाही.

बोटीची एक बाजू चेपलेली, म्हणून उन्नतीनं संत्र्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर शीट कापायला आतला आकार कापून दिला. "लक्षात ठेव, संत्र्याचं चित्र वर पाहिजे."

"ठेवलं लक्षात," हर्षित म्हणाला. पण त्याचं लक्ष तिच्या गालावरच्या भुशाकडे होतं.

रविवारी सकाळी तो कापलेली, पॉलिश केलेली शीट घेऊन आला. ती बोटीत बसेचना! संत्रं खाली ठेवून साहेबांनी सगळं उलटं कापलं होतं.

"हात् तिच्या! एवढंच ना? पालथी घालू. पॉलिश खाली जाईल, ओल लागते तिथेच," उन्नती म्हणाली.

"नाही नाही! पालथी नको... मी नवी आणतो."

"रविवारी? दुकान बंद आहे. आणि तू घाबरतोयस कशाला?"

उत्तराची वाट न पाहता तिनं शीट उलटवली. खालच्या बाजूला, जिथे कुणी कधी पाहिलंच नसतं, तिथे जाड पेन्सिलीनं लिहिलं होतं : *नको जाऊ वं.*

उन्नतीनं ते दोनदा वाचलं. ती वाकली, शीट आत सरकवली. बरोब्बर बसली, सूतभरही फट नाही. "रिव्हेट दे," ती म्हणाली. वर बघायची तिची हिंमतच होत नव्हती.

दुपारी बोट तलावात उतरली. हलली, डुलली... आणि तरली! मामांनी आत वाकून जमिनीवरून तळहात फिरवला. "कोरडी ठाक आहे वं पोरी!" त्यांचे डोळे मात्र ओले झाले होते. काठावर येऊन त्यांनी लगेच भंगारवाल्याला फोन लावला आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असे ओरडले, "ऐक गा, नको येऊ उद्या! बोट माझी आहे!"

उन्नती आणि हर्षित वल्ही मारत तलावाच्या मधोमध आले. वल्ही थांबली. पायाखाली ती तीन शब्दांची विनवणी स्वच्छ दिसत होती.

"हे... पुसून टाकू?" हर्षितनं विचारलं.

"वरून वार्निश मार. टिकलं पाहिजे."

"मग उद्या तू पुण्याले... जाऊन राहिली?"

उन्नतीनं वल्हं बाजूला ठेवलं आणि त्याचा हात हातात घेतला. नागपूरच्या ऑफिसात बदली मागायची, हे तिचं शीट उलटवली तेव्हाच ठरलं होतं.

"नाही रे," ती म्हणाली. "मी राहून राहिली."