उजवीकडची जागा

दार लोटून घ्या आधी. हे कुठं वाचलेलं नाही. मागच्या गल्लीतल्या आपल्या वायरमनच्या बाबतीत घडलंय. मागच्या नोव्हेंबरची एकवीस तारीख, गुरुवार.

त्या संध्याकाळी वायरमन हत्यारांची पिशवी घेऊन एका रिकाम्या घराचं वायरिंग तपासायला गेला होता. घर त्यानं स्वतःसाठीच भाड्यानं घेतलं होतं. राहती इमारत पाडायला निघालेली, बायकोला आठवा महिना, आणि अकरा घरं बघून झालेली. फोनवर सगळे गोड बोलायचे. मग नाव विचारायचे. नाव सांगितलं की घर कालच गेलेलं असायचं. एकानं तर आधी पंखा दुरुस्त करून घेतला आणि मग नकार दिला. तेव्हा घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "यांचा पंखा फिरवायला मी चालतो, त्याखाली झोपायला चालत नाही."

बारावं घर मिळालं, कारण ते कुणी घेतच नव्हतं. आधीचा भाडेकरू तिथंच वारला होता आणि त्यानंतर तीन कुटुंबं महिनाभरही टिकली नव्हती. मालकांची एकच अट होती, दारावर पाटी लावायची नाही. "उगाच इमारतीत चर्चा कशाला, काय?" वायरमननं राग गिळून मान डोलावली. माणसांना नाही, निदान भुताला तरी आपण चालतो, म्हणायचं आणि गप्प बसायचं!

काम लांबलं. साडेदहा वाजले, शेवटची बस गेली, फोनही बंद पडला. रात्र तिथंच काढायची ठरली. नळ गळत होता म्हणून त्यानं एक बादली भरून ठेवली आणि पाण्याचा कॉक बंद केला. मग जानमाज अंथरली, म्हणजे आपली नमाजाची सतरंजी. जुन्या घरात मक्केची दिशा खिडकीकडे, म्हणून सवयीनं इथंही तोंड खिडकीकडेच. हे घर भलत्याच बाजूला वळलेलं आहे, हे थकलेल्या डोक्यात आलंच नाही. नमाज पढून तो शेजारीच चादर टाकून आडवा झाला.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी जाग आली. मनगटावर घड्याळ होतं, म्हणून पक्कं सांगतो.

नळ वाहत होता.

कॉक बंद. तरी पाणी. सलग नाही... थांबून थांबून. आधी हातांवर. तीनदा. मग चूळ. तीनदा. मग तोंडावरून... मग कोपरांपर्यंत...

चोर असता तर वायरमन पाना घेऊन उठला असता. पण हा क्रम त्याला लहानपणापासून पाठ. आत कुणीतरी वजू करत होतं. नमाजाआधी हातपाय धुतात, तसं.

पाणी थांबलं. ओली पावलं आली. एक... दोन... त्याच्या पायाशी थांबली.

मग काहीच नाही.

डोळे मिटून तो पहाटेपर्यंत तसाच पडून राहिला. सव्वापाचला बॅटरी लावली. जानमाज फिरलेली होती. खिडकीकडून कोपऱ्याकडे. आणि डावीकडे सरकलेली. उजवीकडे एका माणसापुरती जागा सोडून.

तो बादलीतल्या पाण्यानं हातपाय धुऊन नमाजाला उभा राहिला. का, ते त्यालाही सांगता येत नाही. वाकला... शेजारी कापड सळसळलं. कपाळ टेकलं... शेजारी गुडघे टेकले.

आता नमाज संपवायची, तर सलाम करायला मान वळवावी लागते. आधी उजवीकडे. उजवीकडेच. सुटका नाही.

तो बसून राहिला. किती वेळ, कुणास ठाऊक...

मग वळवली.

कुणी नव्हतं. फरशीवर दोन ओली पावलं. आणि पुढे, कपाळ टेकतं तिथं, एक ओला डाग.

उजाडल्यावर त्यानं वीज जोडली, फोन चार्जिंगला लावला, त्यावर मक्केची दिशा तपासली. रात्रीची त्याची चुकली होती. फिरवलेली तंतोतंत बरोबर होती.

तेवढ्यात मालक आले. "टिकलात की!"

"आधी कोण राहायचं इथं?"

"एक शिंपी होता. एकटाच. बारा वर्षं राहिला, कधी आवाज म्हणून नाही. तुमच्यातला नव्हता हां! नाव विचारल्याशिवाय मी कुणाला ठेवतो का? मागे कुणी नव्हतं, तर आम्हीच सगळं केलं. रीतसर जाळलं."

वायरमननं जानमाजच्या उजवीकडच्या जागेकडे पाहिलं. बारा वर्षं माणूस दुसऱ्याच नावानं राहिला, आणि गेला तोही त्याच नावानं. मातीसुद्धा मिळाली नाही त्याला.

रविवारी वायरमन बायकोला घेऊन राहायला आला आणि सामान उतरवायच्या आधी दारावर पाटी ठोकली. पूर्ण नाव, ठळक अक्षरांत.

"अहो, बाहेर काढतील," बायको रडकुंडीला आली. "अशा दिवसांत तेरावं घर शोधत फिरू का मी?"

"काढू देत. त्यानं बारा वर्षं लपून काढली. मला एक दिवस जमणार नाही."

मालकांनी पाटी बघून तोंड वाकडं केलं. पण हेही कुटुंब गेलं तर घर कायमचं पडून राहील, म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं, तर पाटी ओली. सगळी नाही. नावाखालून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एक रेघ. कुणी ओल्या बोटानं अक्षर अक्षर लावून वाचावं, तशी. वायरमननं ती पुसली. रोज उमटायची, रोज पुसायचा.

परवा मात्र रेघेखाली पाण्यानं काढलेलं एक अक्षर होतं. एकच. वायरमनच्या नावातलं नाही, त्या शिंप्याचं मालकांना माहीत असलेलं जे नाव, त्यातलंही नाही. ते त्यानं पुसलं नाही. आज दुपारी मी स्वतः जाऊन बघून आलो.

अजून वाळलेलं नाही.