पडद्यापलीकडची कळ

फुलबाजारात शेवंती उतरवायची, रिकामे कॅरेट टेम्पोत टाकायचे आणि घरी परतण्याआधी कॉलेज रोडला थांबून हातावर टॅटू काढून घ्यायचा, एवढाच त्या दिवशी तेजश्रीचा बेत होता. मखमलाबादच्या मळ्यात वाढलेली ही मुलगी एका शाळेत कबड्डी शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांचा टेम्पो स्वतः चालवत शहरात फुलं घेऊन यायची. भीती तिला कधी शिवलीच नव्हती. ऐन सामन्यात खांदा निखळला तेव्हा पंचांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ही हसत मैदानाबाहेर आली. "मला दुखतच नाही," असं ती ऐटीत सांगायची, आणि ते अक्षरशः खरं होतं. लोक म्हणायचे, पोरगी काटक आहे. तिलाही तसंच वाटायचं.

टॅटू मात्र ऐटीसाठी नव्हता. तिच्या आईच्या, कलाबाईंच्या, डाव्या हातावर मनगटाच्या थोडं वर एक गोंदण होतं. तुळशीचं इवलंसं रोप. लग्नाआधी कुठल्याशा जत्रेत गोंदवून घेतलेलं, हिरवट-निळं, कडा विरलेलं. लहानपणी झोप लागेपर्यंत तेजश्री त्या रोपावरून बोट फिरवत राहायची. दोन वर्षांपूर्वी आई गेली. आजाराला धड नाव मिळालं नाही. "अंग दुखतंय गं," एवढंच ती म्हणायची, आणि डॉक्टरांना एकाही तपासणीत काही सापडायचं नाही. आईबरोबर ते रोपही जळून गेलं, याची तेजश्रीला फार हळहळ वाटे. शेवटी तिनं ठरवलं, ते रोप आता आपल्या हातावर लावायचं.

टॅटूचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. टॅटू काढणारा साई, मागे केस बांधलेला, हळू आवाजात बोलणारा मुलगा. खोलीत काळ्या रेक्झिनच्या दोन खाटा होत्या आणि मध्ये जाड पडदा. बाहेर भर दुपारचं ऊन, पण काचांना काळा कागद लावलेला, त्यामुळे आत दिव्याच्या गोल उजेडापलीकडे सगळं अंधूक दिसत होतं.

"पहिलाच आहे का, ताई?" साईनं मोबाइलवरच्या फोटोवरून रोप कागदावर उतरवत विचारलं.

"पहिला आणि शेवटचा."

"इथली कातडी नाजूक असते. सहन झालं नाही तर सांगा, थांबेन मी."

"तू काढ बिनधास्त. मला दुखत नाही."

"सगळे आधी असंच म्हणतात," साई हसला आणि त्यानं मशीन सुरू केलं.

बारीक, भुंग्यासारखी गुणगुण खोलीत भरली. सुई कातडीला टेकली. मुंगी चालावी तसं काहीतरी जाणवलं, बस. तेजश्री छताकडे बघत स्वतःशीच हसली. आणि तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला.

"स्स..."

दातांवर दात दाबून कुणी श्वास आत ओढावा, तसा.

"पलीकडे कुणाचं चालू आहे का रे?"

"नाही. दुपारी मी एकटाच असतो."

साई पुन्हा कामाला लागला. तुळशीचं खोड वर सरकू लागलं, आणि पलीकडून पुन्हा तोच श्वास. मग हलकेच कण्हणं. कुणी तोंडावर पदर दाबून कण्हत असावं, असं दबलेलं.

"थांब जरा," तेजश्री म्हणाली.

मशीन थांबलं. पलीकडे चिडीचूप.

"आता चालव."

सुई टेकली आणि पडद्यामागची खाट करकरली. साईचा हात जागीच थबकला. त्यानंही ऐकलं होतं.

"ताई... एसीचा आवाज असेल..."

पण एसीला वास नसतो. त्या बंद खोलीत आता शेवंतीचा वास दरवळत होता. आपल्याच कपड्यांना लागलेला असेल, असं तेजश्रीनं मनाला समजावलं असतं, पण त्यात दुसरा एक वास मिसळलेला होता. बामचा. शेवटच्या वर्षात आई अंगभर चोळायची त्या बामचा.

आणि मग तिला शाळेत असतानाचा एक दिवस आठवला. जांभळाच्या झाडावरून ती पडली होती. हात कोपरात भलतीकडे वळलेला, आणि ती त्याच्याकडे नवलानं बघत उभी. तेवढ्यात घरातून आईची किंकाळी आली होती. पुढे घरात ती गोष्ट सगळे सांगायचे, आईच्या काळजाला कसं कळलं बघा म्हणून. आई तेव्हा चुलीपाशी होती. तिनं तेजश्रीला बघितलंसुद्धा नव्हतं. बाहेर धावत आली तेव्हा तिनं स्वतःचा कोपर घट्ट धरलेला होता.

तेजश्रीच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी ती उठली नाही. तिनं मान पडद्याकडे वळवली.

"आई?"

पलीकडून फार हळू, थकलेल्या आवाजात...

"काढून घे बाई... थोडंच राहिलंय..."

साईनं मशीन कातडीपासून दूर घेतलं. "ताई, आपण... नंतर करू का हे?"

"नाही. आजच," तेजश्री म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता, पण ठाम होता. मैदानात उतरताना असायचा तसाच. "आई, ऐक. हे रोप मी हौसेनं काढून घेतेय. ह्याचं दुखणं माझं आहे. ते मला दे, आणि तू जा. लय सोसलंस."

"सोसंल तुला?"

"सोसेल."

पलीकडे कुणी गुडघ्यावर हात टेकून उठावं तशी खाट करकरली, काचेच्या बांगड्या किणकिणल्या, आणि वास विरत गेला.

"चालव," तेजश्री साईला म्हणाली.

सुई टेकली आणि तिच्या तोंडून आपसूक किंकाळी निघाली. कातडीवर कुणी तापल्या सळईनं रेघ ओढत होतं. दुखणं म्हणजे काय, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ओढणीचा बोळा दातांत धरला, साईनं दोनदा विचारूनही मान हलवत त्याला थांबू दिलं नाही, आणि एकेक पान अंगावर झेललं.

काम संपल्यावर साईनं धीर करून पडदा सारला. खाट रिकामी होती. रेक्झिनवर माणूस निजून उठल्यासारखा खळगा पडलेला होता, आणि दोघांच्या देखत तो हळूहळू वर आला.

घरी जाताना दर गिअरला हात ठणकत होता आणि ती रडता रडता हसत होती. आईला आपण मोकळं केलं, हे समाधान त्या ठणक्यापेक्षा मोठं होतं. वडिलांनी, चिमाजींनी, तिचा हात हातात धरून टॅटू कितीतरी वेळ बघितला. "तुझ्या आयीचंच हाय," एवढंच बोलून त्यांनी तोंड फिरवलं.

आठवडा असाच गेला. एका संध्याकाळी ती भाकरी करत होती. भाकरी उलटताना उजवी बोटं तापल्या तव्यावर टेकली. तिनं हात झटकन मागे घेतला, ओठ आवळले आणि कळ येण्याची वाट बघितली. ती आता तयार होती.

कळ आली नाही. बोटांवर लाल चट्टा उठला, फोड धरू लागला, पण दुखलं मुळीच नाही.

ओसरीवरून आवाज आला.

"स्स..."

तेजश्री धावत बाहेर आली. चिमाजी बाजेवर बसले होते. उजवा हात त्यांनी काखेत दाबून धरला होता आणि कपाळावर घाम फुटला होता.

"काय झालं, नाना?"

"काय नाय. तू जा. भाकर करपंल."

तिनं बळेच त्यांचा हात ओढून उजेडात धरला. बोटं कोरी होती, साधा डागही नव्हता. चिमाजींची नजर तिच्या बोटांवरच्या फोडाकडे गेली आणि खाली वळली.

"नाना... कधीपासून?"

"तू झाली तवापासून." त्यांनी हात सोडवून घेतला. "पण मला निम्मंच यायचं. निम्मं तुझी आय घ्यायची... गेल्यावरबी घेत व्हती." मग ते हळूच म्हणाले, "आठ दिस झाले पोरी, सगळं माझ्याकडंच येतंय."