भुजंग अजून उतरलेला नाही

रविवार, २० जानेवारी १९५७. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, सेलू स्टेशनच्या पलीकडच्या माळावर, पाच हजार फुटांवरच्या विमानातून भुजंग कदम या माणसाने उडी मारली. त्याच्या अंगात कॅनव्हासचा पंखांचा पोशाख होता. हे लिहितो आहे तो दिवस गुरुवार आहे. भुजंग अजून उतरलेला नाही.

माझ्या साप्ताहिकात ‘अपघाती मृत्यू’ असं छापा, असं प्रदर्शन समितीने मला सांगितलं. मृतदेह नाही, पोशाख नाही, जमिनीवर कुठे खड्डा नाही, तरी मृत्यू. कशावरून, असं मी विचारलं. समितीचे अध्यक्ष व्यंकटराव म्हणाले, “वर गेलेला माणूस खाली येणारच. दिसला नाही म्हणजे कुठंतरी पडला असणार. यात विचारण्यासारखं काय आहे?”

विचारण्यासारखं पुष्कळ आहे.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. मुंबईचे मंत्री प्रथमच सेलूला येणार होते. त्यासाठी शेती आणि उद्योगांचं प्रदर्शन मांडलं होतं. तेलाची इंजिनं, पेरणीची सुधारलेली पाभर, सरकी खाऊन माजलेले बैल हे सगळं होतं; पण व्यंकटरावांना लोकांचे डोळे विस्फारतील असं काहीतरी हवं होतं. ते त्यांच्याकडे आधीच येऊन पडलं होतं. आपल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यासाठी त्यांनी हैदराबादला लष्करी सामानाच्या लिलावात ताडपत्र्या घेतल्या होत्या. त्यांतला एक गठ्ठा सोडला, तेव्हा आत हा पोशाख निघाला. परदेशात माणसं असले पंख लावून विमानातून उड्या मारतात, हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. त्यातली बहुतेक मेली, हेही त्याच मासिकात होतं. तेवढं त्यांनी वाचलं नसावं.

भुजंग त्यांच्या जिनिंगमध्ये फिटर होता. लढाईच्या काळात तो छत्रीवाल्या पलटणीत होता; छत्री बांधून त्याने ब्रह्मदेशापर्यंत उड्या मारल्या होत्या. त्याला बोलावून व्यंकटरावांनी सांगितलं, “तपासून घे आणि रविवारी उडून दाखव.” दोन्ही गोष्टी एकाच दमात.

भुजंगने पहिली गोष्ट मनापासून केली. जिनिंगच्या फरशीवर त्याने पोशाख पसरला. मी शेजारी उभा होतो. रंग मातकट, पंख मनगटापासून घोट्यापर्यंत, आत बोटाएवढ्या जाडीच्या लवचीक काड्या. त्या वेताच्या नव्हत्या आणि बांबूच्याही नव्हत्या. कुठल्या कारखान्याचा शिक्का नाही. भोवती हमाल जमले होते.

“भुजंगा,” लिंबाजी हमाल म्हणाला, “वटवाघूळ झालास तर उलटं लटकायला आमच्या गोदामात ये बरं. भाडं घेणार न्हाई.”

“तू आधी सरळ उभा राहा,” भुजंग म्हणाला. लोक हसले. लिंबाजी दुपारीही थोडी घेतलेला असे.

भुजंग मात्र हसला नाही. त्याने गळपट्टी उलटून मला दाखवली. ती घासून घासून चामड्यासारखी गुळगुळीत झाली होती. काखाही तशाच. मग त्याने गुडघे, बूड आणि घोट्याकडचा भाग दाखवला. तिथलं कापड कोरं होतं, करकरीत.

“लय वापरलेला हाय,” तो म्हणाला. “पण हे घालून कुणी बसलेलं न्हाई. चाललेलं पण न्हाई.”

त्याची पद्धत सरळ होती. गोऱ्ह्याला औताला जुंपायच्या आधी आपल्याकडे ओंडका ओढायला लावतात, तसं पोशाखाला आधी पोतं वाहू द्यायचं. पोतं जसं पडेल त्यावरून माणसाचं काय होईल ते ठरवायचं. त्याने सरकी भरून आपल्या वजनाचं एक पोतं केलं. पण नुसतं पोतं पोशाखात नीट बसेना. मग त्याने घरून आपला जुना सदरा आणि विजार आणली आणि त्यांतच सरकी ठासून भरली. हात केले, पाय केले.

त्याची बायको मनकर्णा भाकरी घेऊन आली होती. ते बघून तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

“ह्यो काय चाळा लावलाय? घरचं मानूस परमुलखात मेलं, त्याचं मढं घावलं न्हाई, म्हंजे त्याच्या कापडाचा पुतळा करतेत. जित्या मानसाचा करतेत का?”

व्यंकटराव तिथेच होते. “अगं बाई, हे शास्त्र आहे. विज्ञान.”

“मंग तुमच्या लेकाच्या सदऱ्यात भरा की तुमचं विज्ञान!”

कुणी हसलं नाही. भुजंगने तिला बाजूला नेलं, काहीतरी समजावलं. सदरा मात्र बदलला नाही. दुसरा सदरा त्याच्याकडे अंगावरचाच होता.

उडीआधीच्या गुरुवारी दुपारी पहिली चाचणी झाली. हैदराबादेहून भाड्याने आणलेलं दोन आसनांचं विमान वर गेलं आणि त्यातून पोतं खाली टाकलं. छत्री बांधलेली नव्हती. भुजंगच्या अंदाजाने ते माळाच्या कडेला, फार तर मैलभर लांब आपटायला हवं होतं.

ते आपटलं नाही. पंख फुगले, पोतं आडवं झालं आणि आग्नेयेकडे निघालं. वारा तिकडूनच येत होता. आम्ही बैलगाडीच्या वाटेने जीप घेऊन मागे गेलो आणि बघता बघता ते दिसेनासं झालं.

संध्याकाळी ते आप्पाराव नावाच्या शेतकऱ्याच्या ज्वारीत सापडलं. ज्वारी पोटऱ्यात, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती, पुरुषभर उंच. एकही ताट मोडलेलं नव्हतं. ज्वारीच्या दोन ओळींच्या मध्ये पोशाख पालथा पडला होता. शिवण उसवलेली नव्हती, सरकीचा दाणा सांडलेला नव्हता.

“कधी पडलं हे?” मी आप्पारावांना विचारलं.

“आत्ता, दिवस कलताना. पडलं न्हाई, बसलं. त्याच्या आदी तासभर वर फिरायलतं.”

“तासभर?”

“मी आपलं समजलो, गिधाड हाय. पर गिधाड खाली बघत फिरतंय. ह्ये वर बघत फिरायलतं.”

व्यंकटरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी पेढे मागवले. तासभर तरंगतो! जगात कुठे नाही असा पोशाख सेलूत आहे! त्यांनी मला तसं लिहून घ्यायला सांगितलं. भुजंग कोपऱ्यात उभा होता.

“मालक, हा नापास हाय,” तो म्हणाला.

“नापास? अरे, पडलासुद्धा नाही!”

“म्हणूनच. पडणारी वस्तू मला कळती. किती येळात पडंल, कुठं छत्री उघडायची, समदं कळतं. ही पडत न्हाई. जी पडत न्हाई तिच्यातून उतरायचं कसं, ते मला येत न्हाई.”

इतकं स्वच्छ मत मी अजून कुठल्या इंजिनियराकडून ऐकलेलं नाही. व्यंकटरावांनी पेढ्याचा पुडा त्याच्या पुढे केला. त्याने घेतला नाही.

शुक्रवारी पोत्याला छत्री बांधली. ठरल्या उंचीवर दोरी ओढली जाईल अशी सोय भुजंगने स्वतः केली होती. दोरी ओढली गेली, छत्री उघडली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पांढरी छत्री सावकाश माळावर उतरली. तिच्याखाली काही नव्हतं.

पट्टे तुटले असणार, असं मला वाटलं. भुजंगने ते हातात घेऊन पाहिले, मग माझ्या हातात दिले. पट्टे धड होते. बकलं धड होती. ती उघडलेली होती. त्या बकलाला आधी दाबावं लागतं, मग फिरवावं लागतं. भुजंगने मला ते करून दाखवलं.

पोशाख पुन्हा आप्पारावांच्या शिवारातच सापडला. भुजंगने त्यातली सरकी उपसली आणि आत हात घातला. हात बाहेर काढून वास घेतला. मलाही घ्यायला लावला. पोशाखाच्या काखा आतून ओल्या होत्या. मानेशी मिठाची पांढरी रेघ उमटायला लागली होती.

वास माणसाच्या घामाचा होता. आत भरलेला भुजंगचा सदरा कोरडा होता.

शनिवारी हे सगळं मी व्यंकटरावांच्या कानावर घातलं. त्यांना ते नीट समजलं, याबद्दल मला शंका नाही. ते म्हणाले, “पत्रिका वाटून झाल्यात. वीस हजार लोक येणार. मंत्री येणार. भुजंगला भीती वाटत असेल तर राहू दे. लिंबाजी तयार आहे.”

लिंबाजी खरंच तयार होता. विमान त्याने आयुष्यात प्रथमच दोन दिवसांपूर्वी पाहिलं होतं. त्याला कुणीतरी दुपारपासून पाजत होतं. “मी जातो की,” तो भुजंगला म्हणाला. “पोतं गेलं, मी न्हाई का जाणार? पोत्यापरीस मी हुशार हाय.”

भुजंग त्याच्याकडे बघत राहिला. मग व्यंकटरावांकडे वळला. पलटणीत असताना साहेबासमोर उभं राहतात तसा उभा राहिला.

“ह्याला मारता व्हय, मालक? बरं. मीच जातो.”

मनकर्णा रविवारी सकाळी अध्यक्षांच्या बंगल्यासमोर जाऊन बसली. तिला पोलिसांनी उठवलं. त्या जमादाराला मी विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, “साहेब यायचेत. रस्ता मोकळा पाहिजे.” रस्त्यावर ती एकटी होती.

तिसऱ्या प्रहरी माळ माणसांनी भरला. भुजंगने पोशाखावरून आपली जुनी छत्री बांधली, कमरेला चाकू लावला. खूण ठरली होती. माळावर आला की तो दोन्ही हात छातीशी घेईल. पंख मिटले की कोणताही पोशाख पडेलच. मग तो छत्री उघडेल. विमानात चढताना त्याने मनकर्णाला सांगितलं, “भाकरी झाकून ठेव. उतरलो की खातो.”

चार वाजून दहा मिनिटांनी त्याने उडी मारली.

पंख उघडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो डावीकडे वळला, मग उजवीकडे, शिकवल्यासारखा. मंत्री उभे राहिले. बँडवाल्यांनी सूर धरला.

तो माळाच्या बरोबर वर आला. दोन्ही हात छातीशी घेतले.

पंख मिटले. मी दुर्बिणीतून पाहत होतो. कापड अंगाला चिकटलं होतं. फुगवटा कुठेही नव्हता.

तो पडला नाही.

मिटलेला माणूस होता तिथेच राहिला. टांगल्यासारखा.

टाळ्या हळूहळू थांबल्या.

मग छत्री उघडली. पांढरी, रिकामी. सावकाश उतरत ती जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या ढिगावर पसरली.

वर पंख पुन्हा उघडले. ते भुजंगने उघडले असं मला वाटलं नाही. त्याचे हात अजून छातीशी होते.

तो आग्नेयेकडे गेला, वाऱ्याच्या तोंडावर. ठिपका झाला. मग तोही दिसेना.

मंत्र्यांनी व्यंकटरावांना विचारलं, “हे असंच ठरलं होतं का?”

मी दोन हात अंतरावर उभा होतो. व्यंकटराव म्हणाले, “हो साहेब. असंच ठरलं होतं.”

आणि बँड पुन्हा वाजू लागला.

त्यानंतरचं थोडक्यात. आप्पारावांच्या शिवारात पोशाख उतरला नाही. तिथे भुजंगचा चाकू सापडला, उघडा, ढेकळात रुतलेला. पात्यावर कॅनव्हासचा एकही धागा नव्हता. रक्त होतं. चाकू पोलिसांनी नेला. आता विचारलं तर असा चाकू आमच्याकडे नाही म्हणतात.

मंगळवारी समितीची दोन माणसं मनकर्णाकडे गेली. पुतळा करून क्रियाकर्म उरकून घ्या, खर्च समिती करेल, असं त्यांनी सांगितलं. क्रियाकर्म झालं म्हणजे मृत्यू झाला आणि मृत्यू झाला म्हणजे प्रकरण मिटलं, असा त्यांचा हिशेब. मनकर्णाने त्यांना दारातच उभं ठेवलं.

“पुतळा तुमी आदीच केलात,” ती म्हणाली. “आता मला मानूस आणून द्या.”

तिने कुंकू पुसलेलं नाही. व्यंकटरावांनी तिला वेडी ठरवलं आहे. बुधवारी त्यांच्या अभिनंदनाचा ठराव झाला. तो छापायला माझ्याकडेच आला. मी तो परत पाठवला.

बुधवारीच संध्याकाळी गंगाखेडहून निरोप आला. आज सकाळच्या गाडीने मी आणि मनकर्णा तिकडे गेलो. गावाबाहेर गोदावरीच्या काठी एक गुऱ्हाळ आहे. तिथे वच्छलाबाई नावाची बाई चरकात ऊस घालते. काल भर दुपारी, चरक थांबवून बैल बदलत होते तेव्हा, वरून कुणीतरी तिला हाक मारली. बाभळीच्या शेंड्याएवढ्या उंचीवरून, असं ती म्हणाली. ऊन डोळ्यांवर होतं. सावली मात्र तिने पाहिली. ती उकळत्या रसाच्या काहिलीवरून सरकत गेली.

“काय म्हनला?” मनकर्णाने विचारलं.

“म्हनला, बाई, भुई किती लांब हाय? मला वाटलं कुणी चेष्टा करायलाय. म्हनलं, ही काय, हितंच. तर म्हनला, मला दिसंना.”

मनकर्णा खाली बसली.

“लय दमला होता का?”

“बोलनारा न्हाई दमला,” वच्छलाबाई म्हणाली. “दुसरा धापा टाकायलता.”

मनकर्णाने वर पाहिलं. “दोगं होते?”

“दोगं.”

“मंग माझा कोनता? बोलनारा का दमलेला?”

वच्छलाबाईने पदराने हात पुसले. तिला खोटं बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं.

“ते मला कसं कळावं, बाई? तुझ्या मालकाचा आवाज मी कवा ऐकलाय?”