लाल खूण

यातली वेळ, आकडे आणि माणसं मी बदललेली नाहीत. ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा सख्खा साडू. लिफ्ट दुरुस्त करतो. जे मोजता येत नाही, त्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही. मी त्याला तीन वेगवेगळ्या दिवशी सगळं पहिल्यापासून विचारलं. तिन्ही वेळा त्यानं तेच सांगितलं, आणि तिन्ही वेळा तो माझ्यावरच डाफरला.

रविवार होता. दुपारचे चार. लख्ख ऊन.

जागा म्हणजे एका नव्या दहा मजली इमारतीची गच्ची. इमारतीत अजून कोणी राहायला आलेलं नव्हतं. लिफ्टचं काम साडूकडे, म्हणून गच्चीची किल्लीही त्याच्याचकडे.

त्याला हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं बिनतारी संदेश पाठवायचा नाद. तो लावला वडिलांनी. बाबा दूरच्या गावी, त्याच्या दादाकडे असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, डावा हात तेवढा चालतो. त्या हातानं ते मोर्सची कळ दाबून, टिक-टिक करत अक्षरं पाठवतात. दर रविवारी पाच वाजता बाप-लेक असे बोलतात. एकदा संपर्क झाला नाही, तर बाबा रात्रभर सेटसमोरून उठले नाहीत. अन्नाला शिवले नाहीत.

म्हणून पाच म्हणजे पाच.

त्याची अँटेना कुठेही नेता येईल अशी. तिपाईवर उभी काठी, बुडाशी तारेचं वेटोळं, त्यावर सरकणारी कडी. कडी सरकवून ती जुळवायची. मीटरचा काटा एकवर आला की जुळली. तीनवर गेला की पाठवलेली बरीच ताकद उलटी परत. कडीच्या नेहमीच्या जागी बाबांनी स्वतः पांढरी खूण करून दिली होती.

एक मेख असते. माणूस जवळ उभा राहिला, तरी काटा चढतो. शरीराचा परिणाम. म्हणून कडी लावायची, दहा पावलं मागे सेटपाशी यायचं, आणि मगच काटा वाचायचा. लहानपणी यासाठी त्यानं बाबांच्या पुष्कळ टपल्या खाल्ल्या होत्या.

त्यानं कडी पांढऱ्या खुणेवर लावली. दहा पावलं मागे आला. काटा एकवर.

हेडफोन उचलला, आणि...

काटा हलला.

दीड... दोन... अडीच...

तीन.

तिथंच थांबला. गच्चीच्या दारातून कोणीतरी सावकाश चालत यावं आणि अँटेनाला खेटून उभं राहावं, तसा.

गच्चीवर चिटपाखरू नव्हतं.

त्यानं जोड घासले. अँटेनाखाली अंथरायच्या तारा पुन्हा पसरल्या. अँटेना उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. मिनिटभर काटा एकवर. मग पुन्हा... दीड... दोन...

"च्यायला, काय कटकट आहे!"

खालच्या वॉचमनला फोन लावला.

"मामा, वर आलात का तुम्ही?"

"मी? दहा मजले? लिफ्ट तुम्हीच बंद करून ठेवलीय ना, साहेब!"

"मग वर सोडलंय कुणाला?"

"गेटावरून मांजर गेलं तरी मला विचारून जातं."

"इथं काही... म्हणजे, भुताखेताचं काही ऐकलंय का?"

मामा खो खो हसला. "अजून माणसं राहायला यायचीत. भूत कुठून आणू?"

पाचला दहा कमी. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. डोळ्यांसमोर सेटपुढं बसलेले बाबा.

आणि मग साडूनं ते केलं, जे करायला नको होतं.

"बरं, उभा राहा तिथंच!" तो अँटेनाकडे बघून ओरडला. "पण हलू नकोस!"

त्यानं कडी वर सरकवली. जे कोणी तिथं होतं, त्याला धरूनच अँटेना जुळवली. काटा एकवर आला. बोल्टवर खुणा करायच्या लाल मार्करनं त्यानं ती जागा रंगवली.

काटा पुन्हा हलला नाही.

पाचला सेटवर बाबा आले. 'आज सिग्नल दणदणीत. काय केलंस?'

'काही नाही,' त्यानं कळवलं.

पुढच्या रविवारी तो गच्चीवर गेला नाही. गावाबाहेरचं मोकळं मैदान गाठलं. पांढऱ्या खुणेवर काटा तीन. गाडीत बसून पंधरा मिनिटं त्यानं शिव्या घातल्या. मग गुपचूप कडी लाल खुणेवर नेली.

एक.

मैदानात नजर पोचेल तिथवर कोणी नव्हतं.

असे तीन रविवार गेले. तीन वेगळ्या जागा. प्रत्येक वेळी लाल खूण.

गेल्या रविवारी मात्र लाल खुणेवर काटा चढला. वैतागून त्यानं कडी पांढऱ्यावर आणली. काटा बरोबर एक. तो उभा राहून एकटाच मोठ्यानं हसला. सुटलो, म्हणाला.

पाच वाजले. बाबांचा सिग्नल आला.

मोठा... बारीक... मोठा... पुन्हा बारीक.

त्यांच्या अँटेनाभोवती कोणीतरी फेऱ्या घालाव्यात तसा. मग तो बुडालाच.

साडेपाचला दादाचा फोन.

"अरे, बाबांचा काटा तीनवर चढलाय. अँटेना गॅलरीत, गॅलरीत कोणी नाही. कडी जरा सरकवून जुळवून घेऊ का?"

"नको! हातसुद्धा लावू नकोस!"

"ओरडतोस काय? कारण सांग."

"नको म्हणजे नको!"

"मग मी त्यांना काय सांगू?" दादा म्हणाला. "ते उठत नाहीयेत सेटसमोरून."

गेले सहा दिवस दादाचा रोज फोन येतो, आणि साडू रोज नाही म्हणतो; आपण जुळवून घेतलं आणि ते आपल्यासोबत फिरायला लागलं, हे त्याला सांगवत नाही. बाबा जेमतेम दोन घास खातात. आज सकाळी दादा म्हणाला, तुझं आता पुरे झालं, उद्या मी माझ्या हातानं कडी लावणार.

उद्या रविवार आहे.