जेवणानंतरची गोळी

डॉक्टर, गुन्हा तुमचा आहे. चिठ्ठीवर 'जेवणानंतर एक' असं खरडलंत आणि पुढच्या पेशंटला हाक मारलीत. समोरचा म्हातारा जेवतो तरी का, हे विचारायला तुमची जीभ झिजली असती?

तुमच्याच दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर तो माझ्या शेजारी बसला होता. शर्ट घामाने चिंब, हात थरथरत होते, नजर भलतीकडेच. मलाही डायबेटिस आहे, साखर उतरलेला माणूस मी लांबून ओळखते. पर्समधली साखर त्याला चघळायला लावली. हळूहळू त्याचे डोळे माझ्यावर स्थिरावले.

"टकटक… तूच ना?"

टायपिंगच्या क्लासनंतर हे नाव कुणी घेतलंच नव्हतं. मी कळा बडवायचे, म्हणून त्याने ठेवलेलं. शेजारच्या मशीनवर बसायचा, फीत मुद्दाम अडकवायचा आणि सोडवायला मलाच बोलवायचा. शाईने माखलेली आमची बोटं एकमेकांना लागायची… घरी येऊन मी हात उशिरा धुवायचे. पण तो बोलला नाही, मीही नाही. माझं लग्न झालं, मग त्याचं. आता दोघांचेही जोडीदार देवाघरी.

"गोळी घेतली होतीस?"

"तुझी शपथ, एक चुकवत नाही."

"आणि जेवण?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. "जेवणाची वेळ झाली की गोळी घेतो. एकट्यासाठी कोण रांधत बसतंय? चहावर भागतं."

"अरे मूर्खा, मरशील."

"मुलगाही तेच म्हणतो. उद्या न्यायला येतोय, कायमचं."

मी त्याच्याकडे वळले. "जाणार?"

"थांब म्हणणारं कुणी आहे का इथे…" तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"मी आहे. माझ्याकडे मीठ कमी असतं, तेल मोजून असतं, पण ताट गरम असतं. समोर बसून जेववीन."

"रोज?"

"रोज. नुसतं जेवायला नाही, राहायलाच ये. लग्न करून."

"या वयात? लोक शेण घालतील तोंडात."

"लोक तुला जेवायला वाढतात का?"

तो गालात हसला… अगदी तेव्हासारखा. तेवढ्यात तुम्ही आतून माझा नंबर पुकारलात, डॉक्टर. मी उठले नाही. त्याचा हात घट्ट धरला.

"हसण्यावारी नेऊ नकोस. तेव्हा गप्प बसलास, आता नाही चालणार. तोंडाने सांग— येतोस की नाही?"